‘ट्विंकल’ नेमका कुठे वापरायचा: लुकलुकण्यापासून निमिषापर्यंत

‘ट्विंकल’ हा शब्द वाचता येण्याआधीच आपल्याला तोंडपाठ झालेला असतो. जेन टेलर यांची ‘द स्टार’ ही छोटी कविता १८०६ साली छापली गेली आणि तिच्या पहिल्या ओळीने हा शब्द जगभरच्या मुलांच्या तोंडी बसवला. पुष्कळांची त्याच्याशी ओळख मात्र तिथेच थांबते. मोठेपणी इंग्रजीत लिहिताना तारा म्हटला की ट्विंकल आठवतो, आणि बाकी सगळीकडे ‘शाइन’ वापरून आपण मोकळे होतो. त्यामुळे दोन गोष्टी हातच्या जातात. एक, माणसाच्या डोळ्यांतली मिश्कील, मायाळू चमक सांगणारा इंग्रजीतला सर्वांत नेमका शब्द. दुसरी, ‘इन अ ट्विंक्लिंग’ हा ‘क्षणार्धात’साठीचा सुंदर वाक्प्रयोग.

चमकणं आणि क्षणभर वेळ हे दोन अर्थ एकाच शब्दात कसे आले, हे आधी समजून घ्यावं. ते कळलं की पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

मुळाशी पापणी आहे

जुन्या इंग्रजीत ‘ट्विंकन’ असं एक क्रियापद होतं. त्याचा अर्थ डोळे मिचकावणे, पापणी लववणे. त्यापासून ‘ट्विंक्लियन’ झालं आणि त्याचंच आजचं रूप ट्विंकल. जर्मन भाषेतलं ‘त्सविंकर्न’ हे त्याचं भावंड अजूनही डोळे मिचकावण्यासाठीच वापरतात. इंग्रजीत तो अर्थ मागे पडला आणि डोळ्याचं मिचकणं ताऱ्यांकडे गेलं.

शेवटी आलेला ‘ल’ महत्त्वाचा आहे. इंग्रजीत क्रियापदाच्या शेवटी तो जोडला की पुष्कळदा क्रिया लहान होते आणि पुन्हा पुन्हा घडते. ‘स्पार्क’ म्हणजे एक ठिणगी, तर ‘स्पार्कल’ म्हणजे ठिणग्यांसारखी चमचम. ‘क्रॅक’ म्हणजे एकदा कडाडणं, तर ‘क्रॅकल’ म्हणजे जळत्या लाकडाची तडतड. हेच काम मराठी शब्द दुणावून करते: लुकलुक, चमचम, लखलख, मिणमिण. म्हणून ट्विंकलला मराठीत सर्वांत जवळचा शब्द ‘लुकलुकणे’ हाच. नुसतं ‘चमकणे’ म्हटलं तर उघडझाप हरवते.

दुसरा अर्थही याच पापणीतून निघतो. पापणी एकदा लवायला साधारण ०.१ ते ०.४ सेकंद लागतात. इतक्या थोड्या वेळाचं माप म्हणून इंग्रजीने ‘ट्विंक्लिंग ऑफ ॲन आय’ म्हटलं आणि संस्कृतातून मराठीत आलेल्या ‘निमिष’ शब्दानेही तेच केलं. निमिष म्हणजे पापणी मिटण्याचा अवधी. दोन भाषांनी एकाच जागी बोट ठेवलं आहे, आणि शब्द लक्षात राहण्यासाठी यापेक्षा चांगली खूण मला तरी सापडलेली नाही.

आधी उच्चार आणि स्पेलिंग

इथे फार वेळ घालवायला नको. मूळ शब्द ‘ट्विंकल’ असाच. मधला अनुनासिक आपण ‘अंक’ म्हणताना काढतो तोच आहे, त्यामुळे मराठी माणसाला तो आपोआप जमतो. लक्ष द्यायचं ते ‘व’कडे. हा डब्ल्यूचा व आहे, ओठांचा चंबू करून म्हणायचा. वरचे दात खालच्या ओठाला लागले की व्हीचा व होतो. ‘आयएनजी’ लावताना शेवटचा ‘ई’ जातो आणि शब्दाचे दोनच तुकडे उरतात: ट्विंक्-लिंग. ‘ट्विं-क-लिंग’ असे तीन तुकडे करून म्हणण्याची सवय पुष्कळांना असते, ती सोडावी.

प्रकाशासाठी वापरताना स्वतःला काय विचारायचं

वाक्य लिहिण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. प्रकाश लहान ठिपक्यासारखा आहे का? तो दूर आहे का? आणि तो क्षणोक्षणी कमीजास्त होतो आहे का? तिन्हींची उत्तरं होकारार्थी असतील तर ट्विंकल बिनधास्त वापरा. ‘स्टार्स ट्विंकल्ड अबव्ह द डार्क हिल्स’ हे वाक्य चालतं. ‘द लाइट्स ऑफ द हार्बर ट्विंकल्ड इन द डिस्टन्स’ हेही चालतं, कारण दूरवरच्या बंदराचे दिवे खरोखरच लुकलुकतात. खोलीतली बिघडलेली ट्यूब मात्र ट्विंकल करत नाही. ती जवळ आहे, ठिपका नाही, आणि तिची उघडझाप त्रासदायक आहे. तिच्यासाठी ‘फ्लिकर’.

इथे थोडं विज्ञान कामाला येतं. तारा स्वतः लुकलुकत नाही. त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत येताना वातावरणातल्या कमीजास्त तापमानाच्या, सतत हलणाऱ्या थरांतून जातो आणि प्रत्येक ठिकाणी किंचित वाकतो. तारे इतके दूर आहेत की मोठ्या दुर्बिणीतूनही बहुतेक सगळे बिंदूच दिसतात, म्हणून ही थरथर त्या बिंदूत लगेच जाणवते. ग्रह जवळ असल्यामुळे त्यांची छोटीशी तबकडी असते. तिच्या वेगवेगळ्या भागांतून येणाऱ्या प्रकाशाची थरथर एकमेकींना झाकते आणि ग्रह स्थिर दिसतो. क्षितिजाजवळचा तारा जास्त लुकलुकतो, कारण त्याच्या प्रकाशाला हवेचा जाड पट्टा ओलांडावा लागतो. व्याधासारखा तेजस्वी तारा खाली असताना तर लाल, निळे, हिरवे रंगही फेकतो.

न्यूटनने १७०४ सालच्या ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात हे कारण सांगितलं आहे. ताऱ्यांकडे आपण ज्या हवेतून पाहतो ती सतत कंप पावत असते, असं तो लिहितो, आणि तिथे त्याने हाच शब्द वापरला आहे: ट्विंक्लिंग. त्यावरचा उपाय म्हणून त्याने सुचवलेली जागा म्हणजे ढगांच्याही वर असलेल्या उंच पर्वतांची शिखरं, जिथली हवा शांत असेल. आजच्या मोठ्या वेधशाळा उंच डोंगरांवर बांधण्यामागे हे एक मोठं कारण आहे. १९९० साली अवकाशात सोडलेली हबल दुर्बीण तर हवेच्या पूर्ण बाहेर आहे. तिला तारे लुकलुकताना दिसतच नाहीत.

लिहिणाऱ्याने यातून घ्यायचं ते इतकंच: ‘द मून ट्विंकल्ड’ लिहू नये, शुक्र किंवा गुरू यांच्याबद्दलही शक्यतो लिहू नये. चंद्र ‘शाइन’ करतो, शुक्र ‘शाइन’ किंवा ‘ग्लीम’ करतो. अवकाशयानातून तारे पाहणाऱ्या पात्राच्या तोंडी ट्विंकल घातला तर जाणकार वाचक तिथेच अडखळेल.

शेजारचे शब्द

ट्विंकल कुठे नको हे कळलं, पण मग काय हवं? अर्थाची टोकं लक्षात ठेवली की निवड सोपी होते. ‘स्पार्कल’ जवळचा, जोरकस आणि आनंदी आहे. हिरा, उन्हातलं पाणी, फेसाळ पेय यांना तो शोभतो. मराठीत चमचमणे. ‘ग्लिटर’मध्ये अनेक कठीण पृष्ठभागांवरून येणारी चकाकी असते, आणि त्यात अनेकदा दिखाऊपणाची छटा डोकावते, चकाकतं ते सारं सोनं नसतं, ही म्हण इंग्रजीत याच शब्दाने सांगतात. ‘ग्लिंट’ म्हणजे धातूवर एकदाच चमकून गेलेली तिरीप. ‘ग्लीम’ स्थिर आहे, घासूनपुसून लख्ख केलेल्या भांड्याची लकाकी. ‘ग्लिमर’ क्षीण असतो, मिणमिणता. म्हणूनच आशेच्या अंधुक किरणाला ‘अ ग्लिमर ऑफ होप’ म्हणतात, तिथे ट्विंकल चालत नाही. ‘शिमर’ हलत्या रेशमावर किंवा तापलेल्या रस्त्यावरच्या हवेत दिसतो. ‘ग्लिसन’ला ओलावा लागतो: दवाने भिजलेलं पान, घामाने डवरलेलं कपाळ. ‘फ्लॅश’ एकदम उजळतो आणि संपतो. ‘ग्लो’ला उघडझाप नाहीच, निखाऱ्यासारखं शांत धगधगणं आहे.

यातला प्रत्येक शब्द एकेका वस्तूबरोबर जोडी करून पाठ करावा, सुटा करू नये. शब्दकोशात या सगळ्यांपुढे ‘चमकणे’ हाच अर्थ दिलेला सापडेल, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

डोळ्यांबद्दल लिहिताना

इथे थांबून नीट पाहावं, कारण या शब्दाची खरी ताकद इथेच आहे. चमकण्याची वरची बहुतेक क्रियापदं इंग्रजीत डोळ्यांनाही लागतात, पण प्रत्येकाने माणूस बदलतो. डोळे ‘ट्विंकल’ करत असतील तर त्या माणसाच्या मनात गंमत आहे, खोडकरपणा आहे, आणि त्या खोडीमागे माया आहे. ‘स्पार्कल’ करत असतील तर तो आनंदात किंवा उत्साहात आहे. ‘ग्लिसन’ केले तर डोळ्यांत पाणी आहे. ‘फ्लॅश’ केले तर राग उसळला आहे. ‘ग्लिटर’ केले तर ताप, हाव किंवा थंड क्रौर्य. ‘ग्लिंट’ मधला आहे, त्यात मिश्कीलपणा असू शकतो किंवा काहीतरी कट शिजत असू शकतो. एखाद्या प्रेमळ म्हाताऱ्या शिक्षकाचं वर्णन करताना ‘हिज आइज ग्लिटर्ड’ लिहिलं, तर इंग्रजी वाचक त्या शिक्षकाला घाबरेल.

डोळ्यांसाठी सर्वांत सहज येणारी रचना म्हणजे ‘विथ अ ट्विंकल इन हर आय’. इथे तीन बारकावे आहेत. ट्विंकल नाम म्हणून येतो आणि त्याआधी ‘अ’ लागतो. ‘आय’ एकवचनी असतो. डोळे दोन असले तरी या वाक्प्रयोगात एकच. ‘आइज’ म्हटलेलंही सापडतं, पण रुळलेलं रूप एकवचनीच. आणि शब्दयोगी ‘इन’ हाच, ‘ऑन’ किंवा ‘ॲट’ नाही. ‘शी सेड इट विथ अ ट्विंकल इन हर आय’ याचं मराठी ‘तिच्या डोळ्यांत ट्विंकल होतं’ असं शब्दशः करायला जाऊ नये. ‘ती मिश्कीलपणे म्हणाली’ एवढं पुरतं.

क्रियापद म्हणूनही डोळ्यांना लागतं: ‘हिज आइज ट्विंकल्ड’. ब्रिटिश कथा-कादंबऱ्यांत कधीकधी माणूसच ‘ट्विंकल्ड ॲट हर’ असतो, म्हणजे तिच्याकडे मिश्कील नजरेने पाहतो. ही शैली थोडी जुनी झाली आहे, ओळखता यावी एवढंच. पण ट्विंकल आणि ‘विंक’ यांत गल्लत करू नये. ‘विंक’ ही हेतुपूर्वक केलेली खूण आहे, एक डोळा मारणं. ‘ब्लिंक’ म्हणजे दोन्ही पापण्या मिटणं, बहुतेक वेळा नकळत. ट्विंकलमध्ये आज पापणी हलतच नाही, फक्त नजर हसते.

हे क्रियापद बहुतेक अकर्मक आहे, हेही इथेच सांगतो. तारा ट्विंकल करतो, दिव्याला कुणी ट्विंकल ‘करत’ नाही. ‘ही ट्विंकल्ड द लाइट’ असं लिहिलं की वाक्य परकं वाटतं.

वेळेसाठी वापरताना

‘इन अ ट्विंक्लिंग’ आणि ‘इन द ट्विंक्लिंग ऑफ ॲन आय’ ही दोन रूपं पक्की ध्यानात ठेवावीत. पहिल्यात ‘अ’, दुसऱ्यात आधी ‘द’ आणि मग ‘ॲन’. यात अदलाबदल होत नाही, अनेकवचन होत नाही. ‘इन अ ट्विंकल’ही ऐकू येतं, पण लिखाणात ‘ट्विंक्लिंग’च बरा.

लांब रूप घराघरांत पोचलं ते बायबलमुळे. १६११ च्या किंग जेम्स भाषांतरात करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १५ व्या अध्यायात ते येतं: ‘इन अ मोमेंट, इन द ट्विंक्लिंग ऑफ ॲन आय’. मृत माणसं एका क्षणात बदलून अविनाशी होतील, असा तो प्रसंग आहे. म्हणून या रूपाला आजही थोडी गंभीर, भारदस्त लय आहे. मोठा, चकित करणारा बदल सांगायचा असेल तर ते शोभतं: ‘इन द ट्विंक्लिंग ऑफ ॲन आय, द स्काय वेंट डार्क’. छोटं रूप हलकंफुलकं आहे: ‘द प्लेट वॉज एम्प्टी इन अ ट्विंक्लिंग’, म्हणजे बघता बघता ताट रिकामं झालं.

व्याकरणाची अट एकच, पण ती पाळावीच लागते. क्रिया पूर्ण झालेली किंवा होणारी असावी, चालू असलेली नसावी. ‘शी फिनिश्ड इट इन अ ट्विंक्लिंग’ बरोबर. ‘शी वॉज वर्किंग इन अ ट्विंक्लिंग’ चूक, कारण चालू काम निमिषात बसत नाही. आणि ‘क्षणभर’ या अर्थीही तो वापरू नका. ‘क्षणभर थांब’साठी ‘वेट अ मोमेंट’. ट्विंक्लिंग सांगतो की काम किती चटकन उरकलं. किती वेळ चाललं, हे तो सांगत नाही. मराठीतही ‘क्षणात’ आणि ‘क्षणभर’ यांत हाच फरक आहे, तो इंग्रजीत नेला की चूक होणार नाही.

आता कुठे कोणता शब्द बसतो ते. कचेरीतल्या ईमेलमध्ये ‘आय विल सेंड इट इन अ ट्विंक्लिंग’ लिहू नये. तिथे ‘राइट अवे’ लिहावं. बोलताना ‘इन अ जिफी’ मोकळा, मित्रत्वाचा. ‘इन अ ट्राइस’ पुस्तकी. ‘इन अ फ्लॅश’मध्ये झपाटा आहे. ‘इन द ब्लिंक ऑफ ॲन आय’ आज सर्वांत सर्रास वापरतात, आणि शंका असेल तिथे तोच निवडावा. गोष्ट, ललित लेख, मुलांसाठीचं लेखन, या ठिकाणी मात्र ट्विंक्लिंग उठून दिसतो आणि तिथे तो मनापासून वापरावा असं मला वाटतं.

मराठीत आणताना ‘निमिषात’, ‘क्षणार्धात’, ‘डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच’ यांतून लिखाणाचा बाज पाहून निवडावं. जुन्या कालगणनेत पळ म्हणजे २४ सेकंद आणि ६० पळांची एक घटका, म्हणजे २४ मिनिटं. त्यामुळे ‘पळभरात’ बोलीत चालतं, पण काटेकोर पाहिलं तर ट्विंक्लिंगच्या मानाने पळ फारच लांब आहे.

ठेच लागण्याच्या जागा

‘ट्विंक्लिंग’च्याच अर्थाचा ‘ट्विंक’ असा छोटा शब्द पूर्वीच्या इंग्रजी लिखाणात सापडतो. आज तो वापरू नये. समलिंगी पुरुषांच्या बोलीत सडपातळ, कोवळ्या दिसणाऱ्या तरुणासाठी तो रूढ झाला आहे आणि वाचक तोच अर्थ घेईल.

‘बिफोर यू वेअर इव्हन अ ट्विंकल इन युअर फादर्स आय’ म्हणजे तुझ्या जन्माचा विचारही नव्हता तेव्हा. हसतखेळत म्हणतात, पण त्यात गर्भधारणेआधीच्या ओढीची सूचना आहे. घरच्या गप्पांत ठीक, औपचारिक भाषणात टाळावं.

‘ट्विंकल-टोज’ म्हणजे चपळ, हलक्या पावलांचा नाचणारा. कधी चिडवायलाही म्हणतात. अमेरिकी पद्धतीच्या वॉल्ट्झ नृत्यात ‘ट्विंकल’ नावाची एक पदन्यासाची चालही आहे. सजावटीच्या लहान दिव्यांच्या माळेला ब्रिटनमध्ये ‘फेअरी लाइट्स’ म्हणतात, तर अमेरिकेत ‘ट्विंकल लाइट्स’ म्हटलेलंही आढळेल. ‘ट्विंक्ली’ हे विशेषण अनौपचारिक आहे.

याच कुळात बसेल असा एक लॅटिन शब्द शेजारी ठेवावा. ‘सिंटिला’ म्हणजे ठिणगी. ताऱ्यांच्या लुकलुकण्याला खगोलशास्त्रज्ञ ‘सिंटिलेशन’ म्हणतात. बुद्धीची चमक असलेल्या संभाषणाला ‘सिंटिलेटिंग’ म्हणतात. आणि पुराव्याचा लवलेशही नसेल तर ‘नॉट अ सिंटिला ऑफ एव्हिडन्स’. इथेही चमक आणि अल्पपणा एकाच शब्दात आले आहेत, फक्त ट्विंकलमध्ये वेळ अल्प आहे आणि सिंटिलामध्ये प्रमाण. म्हणून ‘ट्विंक्लिंग कॉन्व्हर्सेशन’ होत नाही आणि ‘अ ट्विंकल ऑफ एव्हिडन्स’ही होत नाही.

हात बसवण्यासाठी

खालची मराठी वाक्यं इंग्रजीत करून पाहा, मग पुढचं वाचा. ‘मेणबत्तीची ज्योत थरथरत होती.’ ‘दूर डोंगरावर एक दिवा लुकलुकत होता.’ ‘आजी रागावल्याचं नाटक करत होती, पण तिचे डोळे हसत होते.’ ‘निरोप देताना त्याचे डोळे पाणावले.’ ‘पाहता पाहता धुकं विरलं.’

पहिल्यात ‘फ्लिकर्ड’, कारण ज्योत जवळ आहे आणि वाऱ्याने हलते. दुसऱ्यात ‘ट्विंकल्ड’: ठिपका, अंतर, उघडझाप, तिन्ही आहेत. तिसऱ्यात ‘देअर वॉज अ ट्विंकल इन हर आय’, आणि त्याआधी ‘बट’ जोडलं की नाटक आणि माया दोन्ही येतात. चौथ्यात ‘ग्लिसन्ड’. पाचवं वाक्य फसवं आहे. ‘पाहता पाहता’ला मराठीत दोन अर्थ आहेत: एकदम, आणि आपल्या डोळ्यांदेखत हळूहळू. धुकं एका झुळुकीने फाटलं असेल तर ‘इन अ ट्विंक्लिंग’. ते विरत विरत गेलं असेल तर ‘बिफोर अवर आइज’.